गलबतांची पुस्तकं बडोद्यात छापायची, तर ऑफसेटवर की मागणीप्रमाणे?

बडोद्यात मांडवी म्हटलं की डोळ्यांपुढे चार दरवाजांमधली मांडवी येते. आमच्या पुस्तकांतली मांडवी कच्छची. तिथे रुक्मावतीच्या काठी अजून लाकडी गलबतं बांधतात आणि फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासतात. जुन्या शिडाच्या जहाजांवर पुस्तकं काढणारं छोटं प्रकाशन इथे सुरू करायचं मनात असेल, तर पहिला प्रश्न छपाईचा. पाचशे प्रती ऑफसेटवर एकदम काढायच्या, शंभरेक डिजिटलवर, की ऑर्डर येईल तशी एकेक प्रत? मी तिन्ही करून पाहिलं आहे.

आधी पैशाचं बघू. ऑफसेटमध्ये प्लेटा (छपाईचे पत्रे) आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजारांना, म्हणून प्रती वाढतील तसा दर उतरतो. डिजिटलमध्ये प्लेटाच नसतात, म्हणून दर जवळपास तोच राहतो. समजा, 160 पानांच्या पुस्तकाच्या 500 प्रतींना ऑफसेटवर 60,000 रुपये लागले आणि डिजिटलवर प्रत 180 रुपयांना पडली. (हे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून घेतलेत, यांच्या जागी तुमच्या छापखान्याचे दर घाला.) कागदावर ऑफसेटची प्रत 120 ला पडते. पण 150च खपल्या, तर विकलेली प्रत 400 ला पडली. दोन्हींचा खर्च सारखा होतो तो 333 प्रतींवर. म्हणून प्रतीच्या दराच्या आधी स्वतःला विचारा, दोन वर्षांत साडेतीनशे खरंच खपतील का? छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे छपाईच्या बिलात भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. तो खर्चातच धरा.

कथा, आठवणी, प्रवासवर्णन असलं नुसत्या मजकुराचं पुस्तक असेल, तर फार विचार करू नका. डिजिटलवर शंभर प्रती काढा, संपल्या की पुन्हा शंभर.

खरा पेच आहे तो आराखड्यांच्या पुस्तकात. जहाजाचा पठाण (म्हणजे तळाचं मुख्य लांब लाकूड), बरगड्यांची वळणं, डोलकाठीचा कल, हे सगळं केसाएवढ्या रेषांत काढलेलं असतं. मागणीप्रमाणे छापणाऱ्या सेवांमध्ये घडीचं मोठं पान सहसा घालताच येत नाही. मग आराखडा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरावा लागतो, आणि जहाजाचा नेमका मधला भाग बांधणीच्या खाचेत जातो. शिवाय नुसतं डिंकाने चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडं राहत नाही. मॉडेल करणारा माणूस एका हाताने लाकूड धरतो आणि दुसऱ्या हाताने पान दाबून ठेवतो. महिनाभरात मणका तडकतो आणि पानं सुटतात. शिलाई केलेल्या 16 पानी फर्म्यांचं (म्हणजे एक मोठा कागद दुमडून झालेल्या जुड्यांचं) पुस्तक टेबलावर नुसतं पसरून ठेवता येतं. आराखड्यांच्या पुस्तकाला शिलाई हवीच, यावर मी तडजोड करत नाही. अनेक छापखाने डिजिटलवर छापूनही शिलाई करून देतात, फक्त ते आधी विचारून घ्यावं लागतं.

ऑफसेटच्या बाजूने एक मुद्दा खास बडोद्याचा आहे. इथला वाचक मराठीही आहे आणि गुजरातीही. आराखड्यांवर शब्द लिहायचे नाहीत, फक्त आकडे घालायचे. 1 म्हणजे पठाण, 2 म्हणजे सुकाणू, असे. आकड्यांची यादी मजकुराच्या पानांवर ठेवायची. आराखड्यांचे फर्मे वेगळे ठेवून एकदाच हजार छापायचे आणि मजकुराचे फर्मे मराठीत पाचशे, गुजरातीत पाचशे. सगळ्यांत खर्चिक भाग दोन आवृत्त्यांत वाटला जातो. एकेक प्रत छापण्यात असं काही करता येत नाही. मात्र ही आखणी चित्रकाराला पहिल्या दिवशी सांगायला हवी. मी एकदा उशिरा सांगितलं आणि तेवीस आराखड्यांवरची अक्षरं खोडून आकडे घालण्यात पावसाळा गेला.

ऑफसेटच्या विरुद्धचा मुद्दाही बडोद्याचाच, आणि तो मी सोसला आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचे गठ्ठे तळमजल्यावर होते. खालच्या दोन रांगा भिजल्या. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा बिनचकाकीचा कागद, पाणी पितो, फुगतो, आणि वाळला की पानं एकमेकांना चिकटलेली असतात. पुस्तकं समुद्राची, आणि ती नदीच्या पाण्यात गेली, हे आजही मनाला लागतं. आता सगळा साठा पहिल्या मजल्यावर, भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळ्यांवर असतो. तशी जागा नसेल तर पाचशे छापू नका. डिजिटलचा दर महाग वाटला तरी तो साठवणीच्या भाड्यासकट आहे असं समजा.

एकेक प्रत छापण्याची पद्धत मी पूर्ण बाद करत नाही. 2025 मध्ये अजिंठ्याच्या चित्रावरून, फळ्या काथ्याने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज नौदलात दाखल झालं, आणि आमच्या संपलेल्या एका पुस्तकाची चौकशी अचानक सुरू झाली. चाळीस प्रतींसाठी प्लेटा लावणं परवडत नाही. अशा वेळी, आणि परदेशातल्या वाचकासाठी, ही सोय मोलाची.

टपालाचं थोडक्यात. मे 2025 पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही टपालसेवा आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोला 100, कर वेगळा. वजनाचा टप्पा लक्षात ठेवून कागद निवडा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवावी लागते. शंभरच प्रती काढल्या तरी त्यातल्या चार आधीच बाजूला ठेवा.

तेव्हा माझा सल्ला असा. पहिलं पुस्तक मजकुराचं घ्या आणि डिजिटलवर शंभर प्रती काढा. त्यातून आपला वाचक किती हे कळेल. आराखड्यांचं पुस्तक दुसरं, तेही कोरडी जागा आणि गुजराती आवृत्ती दोन्ही ठरल्यावरच, ऑफसेटवर, शिलाईसह. आराखड्याखाली नुसतं ‘1:50’ असं प्रमाण लिहू नका, मोजपट्टी काढा. छापखान्यात पान बसवताना चित्र दोन-तीन टक्के आखडलं तर आकडा खोटा ठरतो. पट्टी चित्राबरोबर आखडते, म्हणून माप खरं राहतं. पहिला फर्मा हातात आला की मजकूर वाचण्याआधी ती पट्टी फुटपट्टीने मोजा.