रॉक शोच्या नावाखाली हॉटेलवाल्यांना गंडा : पैसे देण्याआधी हे तपासा

उडुपीहून येऊन भुसावळला हॉटेल टाकलेल्या एका अण्णांना हिवाळ्यात एजंटाचा फोन आला. मुंबईचा रॉक बँड इंदूरला चाललाय, मधला गुरुवार मोकळा आहे, साठ हजारांत तुमच्या गच्चीवर वाजवेल. दाखला मात्र खरा दिला: शांघायहून अमेरिकेत गेलेल्या एस्थर वाँग यांनी १९७८ पासून लॉस एंजेलिसच्या चायनाटाऊनमधल्या आपल्या रेस्टॉरंटमध्ये रॉक बँड लावले नि जागेचं नाव झालं. त्या बाई बँडच्या टेप स्वतः ऐकायच्या, एवढं सांगायचं त्याने टाळलं.

अण्णांकडून ३०,००० ॲडव्हान्स, मग रेल्वे तिकिटांचे १२,०००, मग ड्रमसेटचं डिपॉझिट म्हणून १८,००० गेले. दर वेळी एकच धमकी: आज नाही टाकले तर तारीख धुळ्याला जाईल. तिकीट ४९९ ठेवलं, कारण ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ. हे बरोबर सांगितल्यामुळेच माणूस जाणकार वाटला. ‘भरीत पार्टी आणि रॉक’ असं पोस्टर छापलं, त्यावर क्यूआर एजंटाचा. १२० तिकिटं गेली, म्हणजे ५९,८८० रुपये परस्पर त्याच्या खात्यात. गुरुवारी दुपारी फोन बंद. बँडला या शोचा पत्ताच नव्हता. पोस्टरवर नाव हॉटेलचं, त्यामुळे लोकांचे पैसे अण्णांनी गल्ल्यातून परत केले.

खोट कागदातच दिसत होती. त्याने पाठवलेल्या रायडरमध्ये, म्हणजे बँडच्या मागण्यांच्या यादीत, एसी खोल्या आणि जेवण होतं, विजेबद्दल अक्षर नाही. खऱ्या बँडचा साउंडवाला आधी लोड विचारतो: थ्री फेज आहे का, अर्थिंग कसं आहे, जनरेटर किती केव्हीएचा. मग स्टेजचं माप, मिक्सरचे चॅनेल, गिटार-बेसचे अँप्लिफायर, ड्रमला किती माइक. गच्चीवर रात्री बारापर्यंत वाजवू म्हणणाराही संशयास्पद. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे.

बँडच्या अधिकृत पेजवरून नंबर काढा आणि वाजवणाऱ्यांपैकी एकाशी व्हिडिओ कॉलवर बोला. तारीख त्याच्याच तोंडून ऐका. ॲडव्हान्स करार झाल्यावर, बँडच्याच खात्यात. क्यूआर छापायला देण्याआधी स्वतः स्कॅन करून एक रुपया टाका. समोर नाव तुमचं आलं पाहिजे. पैसे गेलेच, तर लाजून दोन दिवस घालवू नका. त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधीच अडवता येते.