कूलिंग ‘अपग्रेड’च्या नावाखाली १,३०,३०० रुपये गेले, जुनी टर्बो गाडी असेल तर वाचा

पैसे गेल्याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग याचा आहे की त्या गॅरेजवाल्याने माझ्या गाडीचा तापमानाचा काटा आंधळा करून गाडी माझ्या हातात दिली. नवा म्हणून जुना पार्ट बसवणारे गल्लोगल्ली आहेत, ते काही नवीन सांगायला नको. पण इंजिन उकळतंय हे चालवणाऱ्याला कळूच नये अशी व्यवस्था करून ठेवायची, तीही सहकुटुंब घाटात जाणार हे मी आधी सांगितलेलं असताना? हा सरळसरळ गुन्हा आहे.

गाडी २०११ ची स्कॉर्पिओ, २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. इतकी वर्षं पळालेल्या टर्बो डिझेलच्या रेडिएटरमध्ये आतून गाळ धरतो, बाहेरून जाळीत चिखल आणि किडे बसतात, आणि मग एप्रिल-मेमध्ये एसी लावून घाट चढायला लागलं की काटा अर्ध्याच्या वर सरकतो. माझाही सरकायचा. मी वेळेत लक्ष दिलं, चौकशी केली, ओळखीतल्यांनी नाव सुचवलं म्हणून त्या गॅरेजमध्ये गेलो. रस्त्यावर दिसेल त्या मेस्त्रीच्या हाती गाडी सोपवलेली नाही, हे आधीच सांगतो, कारण नंतर मलाच अक्कल शिकवणारे पुष्कळ भेटले.

त्याने लेटरहेडवर लिहून दिलेलं कोटेशन माझ्याकडे आहे: फुल ॲल्युमिनियम डबल कोअर रेडिएटर २४,०००, मोठा इंटरकूलर १८,५००, सिलिकॉन होज ६,८००, वॉटर पंप ५,२००, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि प्रेशर कॅप (रेडिएटरचं दाब धरणारं झाकण) २,४००, फ्लशिंग आणि कूलंट २,१००, मजुरी ९,५००. एकूण ६८,५००. त्यातले ४०,००० आगाऊ यूपीआयने दिले. उरलेले २८,५०० त्याने रोख मागितले, जीएसटी वाचेल म्हणून. आता लोक म्हणतात पक्कं बिल का घेतलं नाहीस. अहो, हे म्हणणाऱ्यांपैकी किती जण गॅरेजमधून पक्कं बिल घेऊन बाहेर पडतात? तरीही सांगतो, घ्या. जीएसटी भरावा लागला तरी घ्या. त्या रोख रकमेचा माझ्याकडे आज एकही पुरावा नाही.

आता तो क्षण. गाडी ताब्यात घेताना त्याने बोनेट उघडून दाखवलं. निळे चकचकीत होज पाइप, स्टीलच्या नव्या क्लिपा, सगळं लख्ख. मी वाकून रेडिएटरच्या वरच्या टाकीवर बोट टेकवलं आणि बोटाला काळा रंग लागला. ओला. खाली कूलंट सोडायच्या नळीवरही तोच रंग, रबरी बुशवरही, जाळीच्या पाकळ्यांमध्येही थेंब ओघळून वाळलेले. फुल ॲल्युमिनियमच्या रेडिएटरची टाकी जाळीला वेल्डिंग केलेली असते, वेल्डिंगच्या लहरी उघड्या डोळ्यांना दिसतात. इथे प्लास्टिकची टाकी होती आणि तिच्या कडेने पत्र्याचे दात वाकवून ती पकडलेली होती. मी हे पाहिलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “साहेब, गंज धरू नये म्हणून वरून कोटिंग मारून देतो आम्ही.” ॲल्युमिनियमला आणि प्लास्टिकला गंज! ते वाक्य आठवलं की अजूनही रक्त उसळतं. जुने पार्ट मागितले तर ते सकाळीच भंगारवाल्याने नेले होते. पण समोर दोन पोरं गाडी पुसत होती, मागे गिऱ्हाईक उभं होतं, आणि इतक्या आत्मविश्वासाने बोलणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे खोटं ठरवायला हातात काहीतरी असावं लागतं. माझ्या हाताला फक्त काळा रंग लागला होता.

जुने पार्ट आधीच लेखी मागून ठेवा. “सगळे काढलेले पार्ट परत हवेत” एवढं वाक्य कोटेशनवर लिहून सही घ्या. नाही म्हणाला तर चावी परत घ्या आणि निघा.

पुढे सगळं झकास. काटा अर्ध्याच्या खाली, हलायलाच तयार नाही. मी चार लोकांना त्या गॅरेजचं कौतुकही सांगितलं. मग पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढताना, काटा तिथेच स्थिर असताना, बोनेटखालून वाफेचा लोट आला आणि गाडी बंद पडली. टोइंग ४,५००. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तापून वाकलेलं, त्याखालची गॅस्केट गेलेली. दुसऱ्या मेकॅनिककडे इंजिनाच्या कामाचं बिल ५७,३००. हे बिल मात्र पक्कं घेतलं. आधीचे ६८,५०० धरून एकूण १,३०,३००.

या दुसऱ्या मेकॅनिकने, वयस्कर माणूस, आधी एकच प्रश्न विचारला: काटा वर गेला नाही कसा? मग तो तापमानाच्या सेन्सरची वायर बोटांनी चाचपत गेला. एके ठिकाणी टेप इतर टेपपेक्षा नवी, चिकट. ती त्याने ब्लेडने उभी चिरली. आत सोल्डर केलेला, रंगीत पट्ट्यांचा, तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर.

हे नीट समजून घ्या, कारण यातच सगळी चलाखी आहे. सेन्सर जसा तापतो तसा त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, आणि रेझिस्टर तोच रोध वाढवतो. अशा सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो, १०० अंशांना दोनशेच्याही खाली येतो. मध्ये शंभरेक ओहमचा रेझिस्टर घातला तर थंड गाडीत एखाद्या अंशाचा फरक पडतो, कुणाच्या लक्षात येणार? पण इंजिन ११० ला गेलं तरी आकडा नव्वदच्या आसपासच दिसतो. स्कॅनर लावला तरी तोच खोटा आकडा, कारण स्कॅनर वाचतो ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, जे कळतं तेच. आणि तापल्यावर ताकद कमी करणं, एसी बंद करणं, असं जे काही ईसीयूने इंजिन वाचवायला करायचं, तेही वेळेवर होत नाही. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, गाडी पूर्ण तापल्यावर थर्मोस्टॅटच्या बाहेरच्या कवचावर धरा आणि डॅशबोर्डशी ताडून पाहा. पाच-सात अंशांचा फरक चालतो, वीसचा नाही.

बाकीची यादी वाचून घ्या. रेडिएटर कुठल्यातरी भंगारातला, रंगवलेला. इंटरकूलर माझाच, धुऊन परत लावलेला. आणि तसाही इंटरकूलर टर्बोने दाबून तापवलेली हवा थंड करतो, कूलंट नव्हे. गाडी गरम होते म्हणून कुणी तो विकत असेल तर तिथेच ओळखा. थर्मोस्टॅट नवा सोडाच, होता तोही काढून टाकलेला. वॉटर पंप जुना. कूलंट म्हणजे हिरवं पाणी. निम्मं कूलंट-निम्मं पाणी १.१ बार दाबाच्या चांगल्या झाकणाखाली सव्वाशे अंशांपर्यंत उकळत नाही. साधं पाणी आणि दाब न धरणारं झाकण असेल तर ते महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच उकळतं. नवे होते ते फक्त होज पाइप, तेही रंगीत रबराचे.

फोन केला तर त्याचं उत्तर: “रेझिस्टर तुमच्या नव्या मेकॅनिकनेच घातला असेल.”

मग चौकी. ठाणे अंमलदाराने कोटेशन उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना? मग हा दिवाणी मामला.” मी सांगितलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. “कायदा आम्हाला शिकवू नका.” अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पोच मागितली तर साहेब बंदोबस्तावर. परत गेलो तर अर्ज सापडत नाही. दुसऱ्या एका कार्यालयात गेलो तर गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही, जीएसटीचं सांगावं तर रोख दिल्याचा पुरावा आणा, विमा कंपनी म्हणते यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही. गाडीच्या काचेवर काळी फिल्म दिसली तर हीच यंत्रणा भर चौकात दंड करते, आणि लोकांचे जीव जातील असं काम करणाऱ्या गॅरेजकडे बघायला एकाही टेबलावर माणूस नाही! शेवटी अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. चौकीत एफआयआर घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तसं करता येतं, हे मला कुणी सांगितलं नाही, वाचून काढावं लागलं.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. २०१९ च्या कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. माझ्या प्रकरणात अजून समोरच्याचं म्हणणंच दाखल झालेलं नाही. एकदा सदस्य नाहीत, एकदा त्याचा वकील आजारी, एकदा नोटीस परत आली, पत्ता अपूर्ण म्हणे. गॅरेज रोज सकाळी त्याच पत्त्यावर उघडतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा, तो पुढे लागतो. दुसऱ्या मेकॅनिकने काहीही सोडण्याआधी व्हिडिओ काढा, त्यात नंबरप्लेट आणि तो पार्ट एकाच शॉटमध्ये येऊ द्या, आणि त्याच्याकडून सहीशिक्क्याचा अहवाल घ्या. मी वायरचा तो तुकडा कापून घेतलाय, रेझिस्टरसकट. रेडिएटरही घरात ठेवलाय. भंगारवाला साडेसहाशे देत होता, दिला नाही. पुढच्या तारखेला दोन्ही आयोगासमोर ठेवणार आहे.