सात रस्त्याजवळचा युरोलॉजिस्ट आणि ताठरतेच्या टेस्ट : माझा अनुभव

लाजेपोटी भिंतीवरचे गुप्तरोगवाले नंबर फिरवताय ना, त्यांच्यासाठी लिहितोय. डॉक्टर लई शांत माणूस, आल्या आल्या गोळी लिहून दिली नाही, बीपीची कुठली गोळी चालू आहे, मावा खाता का, सकाळी उठताना ताठरता असते का असं सगळं विचारलं, सकाळी नीट येत असेल तर कारण बऱ्याचदा टेन्शनचं असतं म्हणे. मग रक्त. शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल वगैरे, थायरॉईड आणि टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन. टेस्टोस्टेरॉनचं सॅम्पल सकाळी ८ ते १० मधेच द्या, दुपारी लेव्हल उतरते, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत करायचं, एका रिपोर्टवर हार्मोनची इंजेक्शनं घ्यायची नाहीत.

डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, ती सगळ्यांना लागत नाही, मला सांगितली. लिंगात बारीक सुईने ताठरता आणणारं इंजेक्शन देतात, मग गार जेल लावून प्रोब फिरवत रक्ताचा वेग बघतात, सेकंदाला २५ सेंमीच्या खाली आला तर धमनीत अडथळा धरतात. दुखत नाही, फक्त अवघडल्यासारखं होतं. नंतर ४ तास ताठरता उतरली नाही तर थेट दवाखाना गाठा, हे त्यांनी दोनदा बजावलं. तिथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून अडथळा आधी तिथे कळतो, त्यामुळे ईसीजी पण काढायला लावला.

एक स्टार कापला तो काउंटरवाल्यामुळे, भरल्या वेटिंगमधे टेस्टचं नाव ओरडून कशाला सांगायचं बे? पार्किंग पण नाही.