कुंडीतली जास्वंद, बाहेर आणि घरात: काही महिने सांभाळल्यानंतरचा अनुभव

नर्सरीतून आणलेली जास्वंद पहिल्या दीड-दोन महिन्यांत कशी वागते, यावरून तिच्याबद्दल मत बनवू नये. विकायला ठेवलेलं झाड बुटकं, भरगच्च आणि कळ्यांनी लगडलेलं दिसतं, कारण कुंडीसाठी वाढवलेल्या जास्वंदीला बऱ्याचदा क्लोरमेक्वाट किंवा पॅक्लोब्युट्राझोलसारखं वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. काही महिन्यांत त्याचा असर ओसरतो, पेरांमधलं अंतर वाढतं आणि फांद्या सुटायला लागतात. झाड बिघडलेलं नसतं, हीच त्याची मूळची ठेवण. तेव्हा पुढचं सगळं त्या पहिल्या बहरानंतर उरणाऱ्या झाडाबद्दल आहे.

थोडक्यात मत असं: बाहेर सहा तास ऊन मिळत असेल तर इतकी फुलं देणारं दुसरं झुडूप शोधावं लागेल. घरात मात्र ती तग धरते, फुलते कमी. बारा महिने खोलीत ठेवून फुलं हवी असतील तर दुसरं झाड बघा किंवा दिव्यांची तयारी ठेवा.

आधी उजेडाचं. जास्वंदीला फुलं नव्या वाढीवर, शेंड्याकडच्या पानांच्या बेचक्यात येतात. नवी वाढ जोमदार नसेल तर कळी धरते, वाटाण्याएवढी होते आणि पिवळी पडून गळते. खिडकीपासून दीड मीटर आत खोली आपल्याला लख्ख वाटते, पण झाडाला तिथे खिडकीलगतच्या उजेडाचा अगदी थोडा भाग मिळतो. त्यामुळे कुंडी काचेला जवळजवळ टेकूनच हवी, तीही सर्वांत जास्त ऊन येणाऱ्या खिडकीला. तशी खिडकी नसेल तर पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी ग्रो लाइट शेंड्यापासून 20 ते 30 सेंटिमीटरवर लावून रोज 12 ते 14 तास चालू ठेवावा. टेबललॅम्प लावून काही होत नाही.

बाहेरून घरात आणल्यावर पानं गळतात आणि माणसं घाबरतात. उन्हात तयार झालेली पानं कमी उजेडात झाडाला परवडत नाहीत, म्हणून ती टाकली जातात आणि सावलीला जुळणारी नवी येतात. कुंडी 10 ते 15 दिवसांत टप्प्याटप्प्याने आत आणली तर गळ बरीच कमी होते. खरं नुकसान याच काळात पाण्याने होतं. पानं कमी झाली म्हणजे झाड पाणीही कमी ओढतं, पण पाणी देणारा हात जुन्याच सवयीने चालतो आणि मुळं कुजतात. परत बाहेर नेतानाही हीच घाई नको, नाहीतर आत वाढलेली पानं करपतात.

थंडी तिला अजिबात मानवत नाही. 10 अंश सेल्सिअसखाली वाढ थांबते, पानं पिवळी पडतात आणि दहिवर गोठलं तर झाड मरू शकतं.

कुंडी 10-12 इंची पुरते, भोकं मोकळी असावीत. मिश्रणात चार भाग माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाडसर वाळू. कोकोपीट यापेक्षा वाढवू नका. वरचा थर कोरडा दिसतो, खाली चिखल असतो आणि बोट घालूनही नीट कळत नाही. कुंडी एका बाजूने किंचित उचलून वजन पाहणं ही त्याहून भरवशाची खूण. पाणी द्यायचं तर भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावं. घोट-घोट दिलेल्या पाण्याने क्षार साचतात, मातीवर पांढरी खरड येते. तशी ती दिसली तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढावी.

सर्वांत जास्त तक्रार कळीगळीची असते आणि बहुतेकजण लगेच खत बदलतात. खत बदलण्याआधी गळलेली कळी ब्लेडने उभी चिरून बघा. आत एक-दोन मिलिमीटरच्या फिकट अळ्या वळवळत असतील तर ती कळीमाशी. ती कळीत अंडी घालते, अळ्या आतून खातात, कळी पिवळी पडून गळते आणि अळ्या मातीत जाऊन कोषात बसतात. वरून कितीही फवारा, औषध कळीच्या आत पोहोचत नाही. गळलेल्या आणि झाडावरच पिवळ्या पडलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत गच्च बांधून टाकायच्या, कंपोस्टात नाही, आणि मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर बदलायचा. हे चक्र साधारण तीन आठवड्यांचं असल्याने आठवडाभर वेचून सोडून दिलं तर काही उपयोग नाही, पाच-सहा आठवडे तरी चिकाटी लागते.

कळीवर तपकिरी ओरखडे असतील, पाकळ्यांच्या कडा वाकड्या असतील तर फुलकिडे समजावेत. आतून कळी स्वच्छ निघाली तर गळण्याची वेळ पाहा. एकाच दिवसात लहान-मोठ्या सगळ्या गळल्या म्हणजे झटका बसलाय: कुंडी पूर्ण सुकली, जागा बदलली किंवा गरम वारा लागला. फक्त लहानच गळतात तेव्हा उजेड कमी पडतोय. कडक उन्हाळ्यात डबल पाकळ्यांच्या जाती उमलायच्या आधीच मोठ्या कळ्या टाकतात आणि त्याच गॅलरीत एकेरी लाल जास्वंद बिनतक्रार फुलत राहते. डबलचा हा दोष कोणत्याही खताने जात नाही.

खतावर आलोच आहोत तर, फुलांसाठी फॉस्फरस वाढवा हा सल्ला जास्वंदीला लावू नका. जादा फॉस्फरसने लोह आणि जस्त घेणं अडतं. तिला पोटॅश जास्त आणि फॉस्फरस कमी लागतं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश यांचं 3:1:4 च्या आसपासचं प्रमाण चांगलं मानवतं. वाढीच्या काळात लिटरला एक ग्रॅम विद्राव्य खत, आठवड्यातून एकदा, ओल्या मातीवर. फॉस्फरससाठी हाडांचा चुरा मूठ-मूठ टाकण्याची गरज नाही.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. लोह मातीत बहुधा असतंच, पण पाणी जड असेल तर मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) वाढतो आणि ते मुळांना मिळत नाही. झाड 6 ते 6.8 सामूवर सुखी असतं. चिलेटेड लोह (मुळांना घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) घेताना त्या रसायनाचं पाकिटावरचं नाव वाचा: ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, अशा मातीत ईडीडीएचए लागतं. जुनी, खालची पानं शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे. तेव्हा चार लिटर पाण्यात एक चमचा एप्सम सॉल्ट महिन्यातून एकदा पुरे. लक्षण नसताना देऊ नये.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण सर्वांत चिवट. मोजके असतील तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. पसरले असतील तर लिटरला 5 मिली कडुनिंब तेल आणि एक-दोन मिली द्रव साबण, संध्याकाळी, दर सात दिवसांनी तीन वेळा. मुंग्या आवरल्याशिवाय ढेकूण परत येतात. घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी लागतो. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली की झाड न्हाणीघरात नेऊन खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.

छाटणी टाळणाऱ्यांचं झाड दोन वर्षांत वर छत्री आणि खाली काठ्या होऊन बसतं. थंडी ओसरली की एक तृतीयांश कापावं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर. कापल्यापासून फुलं यायला 8 ते 12 आठवडे लागतात, म्हणून सगळं एकदम कापू नका. अर्ध्या फांद्या आधी आणि उरलेल्या पाच-सहा आठवड्यांनी कापल्या की बहरात खंड पडत नाही. झाड कलमी असेल तर जोडाच्या खाली, खुंटातून (ज्या झाडावर कलम बांधलंय त्यातून) येणारे फुटवे दिसतील तेव्हा मुळाशीच खुडा. खुंट कलमापेक्षा जोरकस असतो, सोडला तर निवडून आणलेली जात दबते आणि कुंडीत भलतंच फूल येतं.