क्रिमियाची उतराई, 1854: नकाशावरच्या सरावासाठी काही महिने वापरल्यानंतर

क्रिमियन युद्धात ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य रशियाविरुद्ध समुद्रमार्गे क्रिमियात उतरलं; युद्धसरावासाठी ही मोहीम पटावर घेतली तर पहिल्या बैठकांत लढाई होतच नाही, सगळा वेळ जहाजं हाकण्यात जातो. काही महिन्यांनंतर तेच तिचं बलस्थान वाटायला लागतं.

ब्रिटिश बाजू सोपी. ब्रिटिश नौदलातल्या कॅप्टन मेंड्सची आखणी तशीच उचलावी: एका वाफेच्या जहाजामागे शिडाची दोन वाहतूक जहाजं ओढायला द्यायची. वारा पडला तरी ताफा विखुरत नाही, आणि युद्धनौकांवर सैन्य नसल्यानं तोफा मोकळ्या. फ्रेंचांकडे वाफेची जहाजं अपुरी, म्हणून पलटणी थेट युद्धनौकांवर कोंबलेल्या. नवखे खेळाडू त्यांच्या तोफा मोजून खूश होतात. सेवास्तोपोल या क्रिमियातल्या नौदल तळावरून रशियन ताफा बाहेर आला की डेकवर तोफ हलवायला जागा नसते. हा धोका पटावर दाखवलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ होतो वेगाचा. फ्रेंच 5 सप्टेंबरला निघाले, ब्रिटिश 7 ला. भेटीची जागा निघण्याआधी दोन्ही बाजूंना लेखी दिली नाही तर अर्धा सराव एकमेकांना शोधण्यात जातो.

आणि हुकूम कोणाचा? नौदलात फ्रेंच हॅमलिन आणि ब्रिटिश डंडास, भूदलात फ्रेंच सेंट-आर्नो आणि ब्रिटिश राग्लन; या चौघांच्या वर कोणीच नाही. 8 सप्टेंबरला भर समुद्रात ‘व्हिल द पारी’ या फ्रेंच जहाजावर बैठक ठरली. समुद्र खवळलेला, राग्लनला एकच हात, त्याला दुसऱ्या जहाजावर चढणं अशक्य. त्याच्याऐवजी डंडास आणि राग्लनचा सचिव कर्नल स्टील गेले, तर सेंट-आर्नो इतका आजारी की चर्चेत भाग घेण्याच्या अवस्थेत नव्हता. उतरण्याची जागा ठरली 10 तारखेला, ‘कॅराडॉक’ या जहाजावरून किनारा न्याहाळल्यावर. म्हणून संयुक्त निर्णयाला किमान एक फेरी वाया जाईल, असा नियम ठेवा. नाहीतर सगळं फारच सुरळीत होतं.

14 सप्टेंबरची उतराई क्रिमियाच्या किनाऱ्यावरच्या कालामिता उपसागरात. ब्रिटिश शिपायाकडे तीन दिवसांची शिधा. ओझ्याची जनावरं बहुतेक वार्नाला, म्हणजे निघण्याच्या तळाच्या बंदरातच राहिलेली. लाटा वाढल्या की घोडे आणि तोफा उतरवणं थांबवायचं; काम 18 पर्यंत लांबतं.

पुढचा भाग 17 ऑक्टोबरचा, सेवास्तोपोलवरच्या तोफांच्या माऱ्याचा. तोफखाना जमिनीवरून सकाळी साडेसहाला सुरू, ताफा दुपारी एकच्या सुमारास. शिवाय फ्रेंचांनी त्याच सकाळी योजना बदलून जहाजं नांगरून एका रांगेत उभी करायचं ठरवलं. नवख्या गटाला इथून सुरुवात देऊ नका. ओढण्याचं आणि भेटीचं गणित जमल्याशिवाय हा दिवस नुसता गोंधळ वाटतो.