गुणाकार माझाच होता

लालबागच्या चाळीत नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवण्यात माझी २२ वर्षं गेली. ओहमचा नियम मी झोपेतही सांगेन. आणि मला २,८०० रुपयांना बुडवणाऱ्याने त्याच धड्याचा आधार घेतला. लिहायला लाज वाटते, पण दसऱ्यापासून आमच्या एका मजल्यावर 'वीज बचत यंत्रा'चे असे सहा डबे खपलेत, म्हणून लिहिते.

दुपारी दोनच्या सुमाराला आला. गळ्यात ओळखपत्र, कुणाचं ते मी धड वाचलंही नाही. 'वीज बचत यंत्र' म्हणजे प्लगमध्ये खोचायचा पांढरा डबा, वर हिरवा दिवा. बिल ३० टक्के कमी होणार म्हणे. मी दार लावणारच होते, तेवढ्यात त्याची नजर फळ्यावर गेली. सकाळचं पुसायचं राहिलं होतं: शक्ती = विभवांतर × धारा. "बाई शिकवतात होय! मग मी बोलतच नाही. मीटर मी लावतो, गुणाकार तुम्हीच करा."

एक्स्टेन्शन बोर्ड त्याने स्वतःचा आणला होता. त्याच्या वायरीचं वरचं कव्हर चिरून आतली एकच तार बाहेर काढलेली, कारण करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात एकच तार धरावी लागते. त्यावर माझा फ्रिज लावला. व्होल्टेज (विभवांतर) २३०, करंट (धारा) ०.९ अँपिअर. मी खडूने लिहिलं, २०७ वॉट. मग त्याने शेजारच्या सॉकेटमध्ये डबा खोचला. आकडा ०.७ वर उतरला. १६१ वॉट. ४६ वॉट वाचले, तेही माझ्याच अक्षरात!

"इस्त्री लावून बघू या का?" मी विचारलं होतं बरं का. तर म्हणे, "इस्त्री काय, दिवसभर थोडीच चालते?" तिथेच कान टवकारायला हवे होते. मी दोन डबे घेतले. पावती मागितली नाही.

नोव्हेंबरचं बिल कमी आलं तेव्हा मी खूश. आयटीआय केलेला माझा भाचा वायरमन आहे. त्याला कौतुकाने दाखवलं, तर तो म्हणाला, "मावशी, गेल्या वर्षीचं नोव्हेंबरचं बिल काढ." तेव्हा १४२ युनिट होते, या वेळी १४४.

रविवारी तो लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला आपला क्लॅम्प मीटर घेऊन आला. आधी इस्त्री लावली. २३० व्होल्ट, ४.३ अँपिअर. भागाकार केला तर रोध ५३ ओहम, गुणाकार केला तर ९८९ वॉट. इस्त्रीवर १००० छापलंय, म्हणजे हिशेब चोख. शेजारी डबा लावला, तरी ४.३च.

मग फ्रिज. २३० भागिले ०.९ म्हणजे २५५ ओहम. प्लग काढून रोध मोजायला त्याच्या पिनांवर मल्टिमीटर धरला तर आकडा आला १४! मी चाटच पडले. नुसता १४ ओहमचा रोध असता तर १६ अँपिअर वाहिले असते. उरलेला विरोध कॉम्प्रेसरच्या मोटारीतल्या गुंडाळीचा, आणि त्या गुंडाळीमुळे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. करंटचा काही भाग नुसता ये-जा करतो, काम करत नाही. म्हणून घरातल्या एसी, म्हणजे दिशा पालटत राहणाऱ्या विजेवर मोटार असली की व्होल्ट गुणिले अँपिअर हे वॉट नसतात. त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरं काम करतो त्या आकड्याने, पुन्हा गुणायचं. माझ्या फ्रिजचा ०.६५ निघाला, म्हणजे खरी शक्ती साधारण १३५ वॉट, डब्याआधीही आणि डब्यानंतरही.

डबा फोडला. आत ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग), एक-दोन रेझिस्टर आणि तो हिरवा दिवा. असला पंख्याचा कपॅसिटर लोहार चाळीच्या बाजारात शंभराच्या आत मिळतो. ये-जा करणारा करंट तो शेजारूनच पुरवतो, त्यामुळे चिरलेल्या वायरीतला आकडा उतरतो, एवढंच. कमी पॉवर फॅक्टरचा भुर्दंड बसणाऱ्या कारखान्यांना कपॅसिटरचा खरा उपयोग आहे. आपलं घरगुती मीटर मात्र काम करणारे वॉटच मोजतं.

तरी माझी खात्री पटेना. जिन्याखालच्या आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स, म्हणजे दिव्याच्या तितक्या लुकलुकी, असं छापलंय. घरातलं बाकी सगळं बंद करून, फक्त फ्रिज चालू ठेवून मी स्टुलावर बसले आणि लुकलुकणारा दिवा मोजला. पाच मिनिटांत ३६. भाच्याने वर दुसरा डबा लावला. पुन्हा ३६. शेवटी त्याने नुसता डबाच क्लॅम्पवर धरला, तर करंट ०.२९. त्या माणसाच्या हिशेबाने डबा स्वतःच ६६ वॉट खातोय! आणि हाताला तो थंडगार.

त्याचा फोन आता लागत नाही. असा कुणी दारात आला तर आधी त्याच्याच बोर्डावर इस्त्री लावायला सांगा.

शेजारच्या काकूंना हे सगळं फळ्यावर मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाल्या, "पण माझं बिल तर कमी आलं ना गं!" ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांचा एसी रात्रभर चालायचा, नोव्हेंबरात तो बंद झाला. तेही सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात हिरवा दिवा अजून लागलेलाच आहे.