भारतीय लायसन्सवरून जपानी परवाना: ‘गाईमेन किरिकाए’चे परीक्षण

जपानमध्ये स्थायिक झालेल्या आणि भारतात गाडी चालवण्याची सवय असलेल्या माणसासमोर परवान्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे सुमारे तीन लाख येन मोजून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्यापासून शिकणे आणि दुसरा म्हणजे भारतीय लायसन्स दाखवून, तपासणी देऊन त्याचा जपानी परवाना करून घेणे. या दुसऱ्या मार्गाला येथे ‘गाईमेन किरिकाए’ म्हणतात आणि तो पोलीस खात्याच्या परवाना केंद्रांतून चालतो. मी तो पूर्ण केला आहे, आणि माझे मत असे की ही व्यवस्था संथ आहे, प्रसंगी तिचा वैताग येतो, परंतु ती ज्या गोष्टीची परीक्षा घेते ती गोष्ट योग्यच आहे.

सुरुवातीचे काही महिने आंतरराष्ट्रीय परवान्यावर निघतात. भारत आणि जपान हे दोन्ही देश 1949 च्या जिनिव्हा कराराला बांधलेले असल्यामुळे आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना येथे चालतो. मात्र जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष किंवा परवान्याची स्वतःची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तेथवरच. वर्ष संपत आले की दिवाळीला घरी जाऊन नवा आंतरराष्ट्रीय परवाना आणायचा, ही आपल्याकडची युक्ती येथे लागू पडत नाही. रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस तीन महिन्यांच्या आत परतला तर त्याचे वर्ष नव्याने मोजले जात नाही, आणि अशा स्थितीत गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे ठरते.

कागदपत्रांपैकी पहिले काम भाषांतराचे आहे, आणि संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत सुखद वाटलेला भागही तोच. जपान ऑटोमोबाइल फेडरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘जाफ’, भारतीय लायसन्सचे अधिकृत जपानी भाषांतर चार हजार येनांत करून देते. अर्ज ऑनलाइन होतो. कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत स्वच्छ आणि वाचता येईल अशी हवी, एवढीच अट महत्त्वाची. महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर वाहनप्रकारांची जी आद्याक्षरे छापलेली असतात, ती सारी भाषांतरात नीट उलगडून आली होती.

दुसरी अट अनेकांना अडवते. लायसन्स मिळाल्यानंतर भारतात एकूण किमान तीन महिने वास्तव्य झालेले असले पाहिजे आणि ते कागदोपत्री सिद्ध करता आले पाहिजे. यासाठी पासपोर्टवरचे शिक्के पाहतात, त्यामुळे जुना, रद्द झालेला पासपोर्टही जवळ बाळगावा. खरी अडचण येते ती लायसन्सचे नूतनीकरण झाले असेल तेव्हा, कारण नव्या कार्डावर पहिल्या परवान्याची तारीख स्पष्ट दिसत नसेल तर खिडकीवरचा कर्मचारी नूतनीकरणाची तारीखच धरण्याची शक्यता असते. अशा वेळी आरटीओकडून लायसन्सचा उतारा आधीच मागवून ठेवावा. शिवाय अर्ज करताना भारतीय लायसन्स चालू मुदतीचे असावे लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येते, तेव्हा भारतभेटीत हे काम उरकून टाकणे शहाणपणाचे.

केंद्रातील सेवेविषयी मात्र मला संमिश्र लिहावे लागते. भेटीची वेळ मिळवणे हाच या प्रवासातला सर्वांत कंटाळवाणा टप्पा आहे. ज्या केंद्रात मी गेलो, तेथील पुढच्या तारखा इतक्या दूरच्या होत्या की दरम्यान माझ्या आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत संपली. खिडकीवरची वागणूक सौजन्याची होती, पण सौजन्य म्हणजे सवलत नव्हे. कागद अपुरा असेल तर नम्रपणे मान लववून परत पाठवतात, आणि ‘जरा बघा ना साहेब’ या वाक्याला येथे कसलाही अर्थ नसतो. अर्जात गेल्या काही वर्षांतल्या फिट येणे, शुद्ध हरपणे अशा प्रकारांविषयी प्रश्न विचारलेले असतात. त्यानंतर दृष्टी आणि रंगओळख तपासतात. हे सारे झटपट होते.

लेखी परीक्षेचे स्वरूप 1 ऑक्टोबर 2025 पासून पूर्णपणे बदलले. त्याआधी चित्रांसह दहा प्रश्न असत आणि सात बरोबर आले की काम भागे. 2024 मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक उमेदवार तो टप्पा ओलांडत होते. आता पन्नास प्रश्न असतात आणि त्यांपैकी पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. त्याच दिवसापासून पर्यटकांना हॉटेलचा पत्ता देऊन परवाना काढण्याची सोयही बंद झाली आणि रहिवासाचा दाखला आवश्यक ठरला. जुन्या पद्धतीने सुटलेल्या ओळखीच्या लोकांचा सल्ला त्यामुळे फारसा उपयोगी नाही. परीक्षा इंग्रजीतून देता येते, मात्र प्रश्नांची रचना नकार आणि अपवाद यांनी भरलेली असल्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा वाचावे. भारतीय चालकाने काही नियम मुद्दाम घोकावेत. रेल्वे फाटक उघडे असले तरी रुळांच्या आधी पूर्ण थांबणे सक्तीचे आहे. झेब्रा क्रॉसिंगवर कोणी पाऊल टाकण्याच्या बेतात असेल तरी थांबावे लागते. लाल दिव्यावर डावीकडे वळता येत नाही. दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीत जाणूनबुजून बसणाऱ्यालाही शिक्षा होते. हॉर्न वाजवण्यावरचा निर्बंध तर इतका कडक आहे की पुण्या-मुंबईच्या चालकाला प्रथम वाचताना तो छपाईची चूक वाटावा.

यापुढचा टप्पा म्हणजे केंद्राच्या आवारातील मार्गावर प्रत्यक्ष गाडी चालवणे, आणि बहुतेक लोक अडतात ते येथेच. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांच्या परवानाधारकांना ही तपासणी माफ आहे. भारत त्या यादीत नाही. 2024 मध्ये ही तपासणी उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण साधारण तीस टक्के होते. दोन्ही देशांत गाडी डाव्या बाजूने चालते म्हणून आपल्याला सोपे जाईल, असे येणारा प्रत्येक भारतीय गृहीत धरतो. परंतु परीक्षकाला गाडीवरची हुकूमत पाहायचीच नसते. शंभर गुणांतून वजाबाकी होत जाते आणि सत्तरच्या खाली गेले की परीक्षा संपते.

डावीकडचे एक साधे वळण घ्या. वळणाच्या तीस मीटर आधी इंडिकेटर लागला पाहिजे. त्याआधी आतला आरसा, मग बाहेरचा आरसा आणि मग खांद्यावरून मागे दृष्टी, हा क्रम हवा. त्यानंतर गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला इतकी चिकटवायची की मागचे चाक आणि कडा यांत एक मीटरहून कमी जागा उरेल. प्रत्यक्ष वळण्याच्या क्षणी पुन्हा एकदा डाव्या खांद्यावरून पाहायचे आणि मगच चालण्याच्या वेगाने वळायचे. हे सारे सायकलस्वारासाठी आहे. गाडी आणि कडा यांच्यात फट ठेवली की कोणीतरी दुचाकी घालणार, हे लक्ष्मी रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की येथे ती फट बंद करणे ही चालकाची जबाबदारी मानतात. माझ्या शेजारी बसलेले परीक्षक फळीवर लावलेल्या कागदावर खुणा करत होते आणि त्यांची नजर रस्त्यापेक्षा माझ्या मानेवर अधिक होती. नुसते डोळे फिरवले तर ते पाहिले असे धरत नाहीत; मान वळलेली दिसली पाहिजे.

साडेतीन मीटर रुंदीचे इंग्रजी एस अक्षरासारखे वळण आणि लागोपाठ दोन काटकोन असलेला अरुंद भाग यांची लोकांना फार धास्ती असते, पण माझ्या मते ती अनाठायी आहे. पेठेतल्या बोळातून गाडी काढणाऱ्याला ते जड जाऊ नये. चाक अडेल असे वाटले तर थांबून मागे घेता येते, आणि पहिल्यांदा मागे घेतल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. ‘थांबा’ फलकापाशी मात्र चाके पूर्ण थांबली पाहिजेत आणि गाडीचे नाक रेषेच्या आत असले पाहिजे. आपल्याकडे जिला आपण थांबणे म्हणतो ती सरपटती गती येथे चालत नाही.

सूचना जपानीतून मिळतात, तरी उजवे, डावे, सरळ आणि आकडे एवढे शब्द पुरतात. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर परवान्यावर तशी मर्यादा नोंदली जाते. अनेक ड्रायव्हिंग स्कूल या तपासणीसाठी ताशी शुल्क घेऊन सराव देतात, आणि माझ्या मते तेथे खर्च केलेला पैसा पूर्ण वसूल होतो, कारण मान वळवण्याची सवय पुस्तक वाचून अंगी बाणत नाही. ज्यांना भारतात लायसन्स नुसते मिळाले आहे आणि गाडी फारशी चालवलेली नाही, त्यांनी या मार्गाला न जाता सरळ पूर्ण अभ्यासक्रमाची ड्रायव्हिंग स्कूल गाठावी. मान्यताप्राप्त स्कूलमधून बाहेर पडल्यावर केंद्रात फक्त लेखी परीक्षा उरते. सराईत चालकाला मात्र एवढा खर्च करण्याचे कारण नाही.

परवाना हाती आल्यावर भारतीय लायसन्स काढून घेतले जात नाही, ही चांगली सोय आहे. सुटीत घरी गेल्यावर ते वापरता येते. भारतीय कार्डावर मोटारसायकलीची नोंद असली तरी ती आपोआप जपानी परवान्यावर उतरत नाही, त्यासाठी दुचाकीची वेगळी तपासणी द्यावी लागते. मोटारीच्या परवान्यावर 50 सीसीची छोटी स्कूटर चालवता येते, आणि 1 एप्रिल 2025 पासून 125 सीसीपर्यंतची स्कूटरही चालते, पण तिची शक्ती 4 किलोवॅटपर्यंत मर्यादित केलेली असेल तरच. त्यामुळे जुनी 110 किंवा 125 सीसीची स्कूटर स्वस्तात घेण्याच्या बेतात असाल तर इंजिनाच्या आकाराबरोबर हा आकडाही विक्रेत्याला विचारून घ्यावा.